ड्रायव्हरचाच दोष हाय

"कंपाउंडर हायस का रं तू? नऊ दिस झाले, एकच गोळी देऊन राहिलास."

दाजी अंगणातून ओरडत होते. अंगणभर सोयाबीन वाळत घातलेलं होतं. त्यातून पाय ओढत, दाणे खालीवर करत ते ओरडत होते, त्यामुळं प्रत्येक शब्दामागं सर्र सर्र आवाज येत होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. गाव जळकोट. मी त्यांच्या मधल्या खोलीत पालथा पडलो होतो, डोकं कॉम्प्युटरच्या डब्यात आणि पाय उंबऱ्याबाहेर. बाजूला खुर्चीवर माझी भाची बसली होती. तिचा हात अजून माऊसवरच होता, पण समोरचा स्क्रीन काळा पडून पाच मिनिटं झाली होती. त्या दिवसातली ती चौथी वेळ.

"ड्रायव्हरचाच दोष हाय, दाजी," मी डब्यातूनच म्हणालो. "आज हा काढून ह्याच्याहून जुना टाकतो."

"टाक. मग त्याच्याहून जुना टाक. निजामाच्या काळातला मिळतो का बग कुठं."

एरवी बापाच्या असल्या बोलण्यावर भाची फस्सकन हसायची. त्या दिवशी तिनं नुसतं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. धनत्रयोदशी तीन दिवसांवर होती.

आता माझ्याबद्दल चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण माझी कीर्ती दुसऱ्या कुणी सांगितली की कमी भरते. उदगीरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे सहा बाय दहाचा गाळा, पण त्या गाळ्यात मी मेलेली मशीनं उठवून बसवली आहेत. मुखेडच्या एका ऑफिसातला प्रिंटर मी फोनवर नुसता खाकरलो तर चालू झाला होता. देगलूरच्या एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप मला रिक्षातून उतरताना पाहूनच सुरू झाला, तो अजून बंद व्हायला तयार नाही. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवायचं असतं तर प्रिंटरनं चहाही विचारला असं सांगितलं असतं. तर अशा माणसानं सख्ख्या भाचीसाठी स्वतःच्या हातानं जोडलेलं ते मशीन होतं.

भाची नांदेडला दोन वर्षं होस्टेलवर राहून आली होती. न बांधलेल्या घरांची चित्रं काढायला शिकली होती. चित्रं म्हणजे अशी, की चार वाजता ऊन कोणत्या खिडकीतून येऊन कोणत्या फरशीवर पडेल ते दिसावं. शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या घराचा नुसता नकाशा झाला होता. तिनं त्याचं चित्र करून दाखवलं, तर म्हातारा चपला काढून स्क्रीनसमोर उभा राहिला. या कामाला साधं मशीन पुरत नाही. आत वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, पाटीएवढं, दोन पंख्यांचं. ते मदरबोर्डवरच्या एका लांब खाचेत उभं बसतं आणि चित्र काढायचं सगळं ओझं तेच उचलतं. ते कार्ड मी लातूरहून मांडीवर घेऊन आलो होतो. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, बाळ किती महिन्यांचं हाय. हे मात्र थोडं वाढवून सांगितलं.

त्या दिवसांत उदगीरचं एक स्थळ आलं होतं. खत-बियाण्याचं दुकान, घरची जमीन, एकुलता एक मुलगा. मुलगा बरा होता. वाईट असता तर सगळ्यांचंच काम सोपं झालं असतं. त्यांना दिवाळीनंतर उत्तर हवं होतं. आणि कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी भाचीला पुण्याच्या एका कंपनीची मेल आली: सोबतच्या नकाशावरून घराची वीस सेकंदांची फिल्म करून पाठवा, पसंत पडली तर कामावर घेऊ. मुदत बारा दिवसांची. शेवटचा दिवस धरला तर धनत्रयोदशीला संध्याकाळी पाच.

दाजींनी तिला ओट्यावर समोर बसवलं. मी साक्षीला होतो.

"पत्र आलं तर मी सोता उदगीरला जातो, हात जोडून न्हाई म्हणून येतो," ते म्हणाले. "न्हाई आलं, तर तुळशीचं लगीन झालं की तुझं. मंजूर का?"

"मंजूर," ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. आक्का आतून म्हणाली, बाजार भरलाय का हा, पण तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. बाप-लेक दोघंही एका शब्दाची माणसं. त्या घरात शब्द फिरवणारा मी एकटाच, आणि मी तर पाहुणा.

पहिल्या दिवशी तिनं भिंती उभ्या केल्या, दुसऱ्या दिवशी फरशी घातली, आणि दुपारी स्क्रीन काळा पडला. थोड्या वेळानं उजळला. खाली एक पाटी आली: ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बंद पडला होता, पुन्हा सुरू केला आहे. पुन्हा काम, पुन्हा काळोख. मग मशीन बंद करून चालू केलं तर कार्डच दिसेना, त्याच्या नावापुढं पिवळा त्रिकोण. तिनं मला फोन केला. मी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि जळकोटची गाडी धरली.

ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगतो. उदगीरच्या अडत बाजारात बिदरकडचा माणूस कानडीत बोलतो, देगलूरकडचा तेलुगूत, आणि मधे उभा राहिलेला एक हमाल याचं त्याला आणि त्याचं याला सांगत असतो. सौदा फिसकटला की दोघंही शिव्या हमालाला घालतात. कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामधला हमाल म्हणजे ड्रायव्हर. नुसता प्रोग्रॅम, हाताला न लागणारा. मी तो काढला, पुन्हा टाकला. नवा टाकला, मग जुना टाकला. आठ-नऊ दिवस मी त्या हमालाला बडवत होतो. तो ज्या ओट्यावर उभा होता तो ओटा खालून कुजला होता.

ओटा कसा कुजला, त्यासाठी आधी दसऱ्याकडं जावं लागतं.

खंडेनवमीला आमच्याकडं चालत्या सगळ्याची पूजा होते. तिफण, विळे, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, मोटरसायकल, आणि आता कॉम्प्युटर. लोक डब्याला बाहेरून हळदी-कुंकवाची पाच बोटं ओढतात, झेंडूची माळ घालतात, मोकळे होतात. मला ते पटायचं नाही. काम करणारं आत बसलंय आणि कुंकू बाहेरच्या पत्र्याला, ही कुठली रीत. म्हणून मी गिऱ्हाइकांकडं खंडेनवमीला जातो तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच. बाजूचा पत्रा उघडायचा, पंख्याच्या बरोबर मध्यावर कुंकवाचं बोट टेकवायचं, वर एक फूल. लोक माना डोलावतात. एका सोनारानं तर मशीन चालू असताना मला दक्षिणा दिली आणि बंद पडल्यावर दुरुस्तीचे पैसे दिले नाहीत, इतकी त्याची श्रद्धा.

आत पाणी मात्र मी कधी नेलं नव्हतं. त्या वर्षी नेलं. आक्काच्या अंगणात सगळी अवजारं रांगेनं मांडली होती आणि शेवटी पाटावर भाचीचं मशीन. आजूबाजूच्या चार बायका बघायला आलेल्या. मला जोर चढला. उंबऱ्यावर नारळ फोडला, पाणी तांब्यात धरलं आणि आंब्याच्या पानानं शिंपडत निघालो. तिफणीवर, विळ्यांवर, पंपावर, आणि उघड्या डब्यात कार्डावर. वर चिमूटभर कुंकू.

"मामा, आत पाणी नको," भाची म्हणाली.

"पाणी न्हाई गं, तीर्थ हाय. मशीन बंद हाय. घंटाभरात वाळून जातंय."

बायका हसल्या. मी त्यांच्यासाठी आणखी एकदा पान तांब्यात बुडवलं. भाचीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि कार्डावरून ओघळलेलं लाल पाणी टिपून घेतलं, बोट पोचलं तिथवर. कार्ड खाली ज्या खाचेत बसलेलं असतं, तिथं बोट जात नाही.

आता जे सांगणार आहे ते आक्काला आजवर सांगितलेलं नाही.

मुदतीच्या तिसऱ्या दिवशी मी कार्ड उपसून बाहेर काढलं. भाची चहा करायला आत गेली होती. मोबाईलची बॅटरी लावून मी त्या खाचेत पाहिलं. आत पितळी पिना असतात, केसासारख्या बारीक, ओळीनं. एका टोकाच्या सात-आठ पिनांवर गुलाबी राड वाळून बसली होती. तिच्यावर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं. एक पिन तर अर्धी खाल्लेली. नारळाच्या पाण्यात गोड असतं, खारट असतं, आणि वरून वीज खेळते. मी मशीनं उठवतो म्हणून बढाया मारतो त्या बाजूला ठेवा, पण एवढं मला एका नजरेत कळतं. हा बोर्ड गेला होता. रोज थोडा थोडा अजून जाणार होता.

आक्काचा जुना टूथब्रश मोरीजवळ होता. पिशवीत थिनर होतं. मी घासलं. कार्डाचे दात खोडरबरानं पुसले, पुन्हा बसवलं. स्वयंपाकघरातून कप मांडल्याचा आवाज येत होता तेवढ्यात टूथब्रश खिशात घातला.

"काय निघालं?" भाचीनं विचारलं.

"भुसा. सोयाबीनचा. आणि ड्रायव्हर तर हायच."

त्या दुपारी मशीन चार तास चाललं. मी अंगणात खाट टाकून असा बसलो की जळकोटची पाण्याची टाकी मीच बांधली. दाजी म्हणाले, जमलं म्हण की. आक्कानं पुरणाचा घाट घातला. पोळी तव्यावर फुगली आणि आतून भाची म्हणाली, "गेलं."

तिथं सांगायला पाहिजे होतं. पाच-सहा शब्दांचं काम होतं. पण बोर्ड गेला म्हटलं असतं की दाजींनी विचारलं असतं, कशानं गेला, आणि त्या कशानंचं उत्तर चार बायकांनी डोळ्यानं पाहिलेलं होतं. त्या घरात बारीकसारीक काही अडलं की 'मामाला इचार' म्हणतात. मोबाईल, टीव्ही, मोटरचा स्टार्टर, सगळं. तेवढीच माझी त्या घरात इज्जत. ड्रायव्हरवर मात्र कसलाही आळ घेता येतो. तो दिसत नाही, बोलत नाही, आणि ज्यांनी केला ते समुद्रापलीकडं राहतात.

चौथ्या दिवशी सकाळी भाचीनं बॅग भरली होती. लहानशी, होस्टेलची. ती दाजींसमोर उभी राहिली.

"आप्पा, मी नांदेडला जाते. मैत्रिणीकडं असलंच मशीन हाय. तिच्या खोलीवर राहून आठ दिवसांत करते."

दाजींना तिचं एकटीनं आठ दिवस जाणं आवडलं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं. पण ते नाही म्हणाले नाहीत. ते माझ्याकडं वळले.

"हे चालू होतंय का न्हाई, तेवढं सांग. होणार नसंल तर मीच सोडून येतो तिला."

भाची माझ्याकडं बघत होती. आक्का दारात पीठ भरल्या हातानं उभी होती. इतकी माणसं एकदम माझ्याकडं बघायला लागली की मला काय होतं कोण जाणे.

"उद्या दुपारपर्यंत चालू न्हाई झालं तर मिशी काढीन," मी म्हणालो.

दाजी हसले. भाचीनं बॅग खाली ठेवली. मग ती उचलून आत घेऊन गेली.

मिशी अजून आहे.

पाचव्या दिवशी मी फॉरमॅट मारला, म्हणजे मशीन पुसून कोरं केलं आणि सगळं पुन्हा टाकलं. तिचं काम वेगळ्या डिस्कवर होतं म्हणून वाचलं. सहाव्या दिवशी वीज पुरवणारा डबा बदलला. सातव्या दिवशी लातूरला जाऊन एका दोस्ताकडून दुसरं कार्ड उसनं आणलं, दुसऱ्या जातीचं, दुसऱ्या ड्रायव्हरचं. मला ठाऊक होतं की त्यानं काही होणार नाही. तरी मी गेलो, लातूरच्या स्टँडवर उभ्याउभ्या भजी खाल्ली आणि कार्ड घेऊन परत आलो. दिवस घालवायला माणसाला काम लागतं. मधेमधे मी खाच घासत होतो. घासलं की दोन तास चालायचं, मग तासभर, मग वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत भाची माऊस असा चालवायची जणू मागं कुत्रं लागलंय.

आठव्या दिवशी दुसरं कार्डही काळं पडलं, तेव्हा तिनं हात मांडीवर ठेवले.

"मामा, कार्डं दोन. ड्रायव्हर दोन. दोघं एकाच जागी कसे बिघडतील?"

मी तिला असं लांबलचक उत्तर दिलं की माझं मलाही समजलं नाही. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग म्हणाली, "खाली बोर्डात काही हाय का? बगा ना एकदा."

"बोर्ड मी जोडलेला हाय," मी म्हणालो.

नववा दिवस तो वर सांगितलेला, दाजींच्या ओरडण्याचा. ओरडून झाल्यावर ते पाय झटकून आत आले आणि माझ्याजवळ भिंतीला टेकून बसले. पायाच्या बोटांत सोयाबीनचे दाणे अडकले होते, ते एकेक काढत राहिले. भाची मागच्या अंगणात पाणी भरत होती. दाजी एकदम खालच्या आवाजात बोलले.

"खरं सांग मला. होतंय का न्हाई? हे बग, तिच्या हातात कला न्हाई म्हणून राहिली तर मला काही वाटणार न्हाई. पण एका डब्यामुळं राहिली असं नको व्हायला. मी शब्द दिलाय. तो मला मागं घेता येत न्हाई."

मी डोकं डब्यातून बाहेर काढलं. तोंडाशी आलं होतं. बाहेर पडलं ते हे: "बोर्ड गेलाय, दाजी. लाइटीचा झटका बसला असंल."

दाजींनी मान हलवली. ते उठले, चप्पल घातली आणि थेट डीपीकडं गेले. तिथं लाइनमन खांबाला शिडी लावत होता. जळकोटच्या अर्ध्या गावानं ऐकलं, असं दाजी त्याला बोलले. तो बिचारा शिडी धरून ऐकत होता. त्याच्या बापजन्मी त्यानं कुणाच्या कॉम्प्युटरवर नारळाचं पाणी शिंपडलं नसेल.

भाचीनं नांदेडच्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण त्याच सकाळी खोलीला कुलूप लावून दिवाळीला गावी गेली होती. मी त्याच पावली लातूर गाठलं, दुसऱ्या दिवशी नांदेड. त्या जातीचा बोर्ड नव्हता कुठं. सगळ्यांचं एकच, पाडवा होऊ द्या, माल मग येतो. माझ्या दुकानात जुने बोर्ड पडलेले होते, पण त्यांत तिचा प्रोसेसर बसत नव्हता. नांदेडहून येताना एसटीत मी शेजारच्या माणसाला कुठलीही गोष्ट सांगितली नाही. कंधार गेलं, मुखेड गेलं, तरी तोंड उघडलं नाही. एवढ्यावरून काय ते समजा.

घरी पोचलो तर भाचीनं कार्ड स्वतःच काढून ठेवलं होतं. स्क्रीनची वायर बोर्डाच्या मागच्या बाजूला लावली होती. कार्डाशिवायही मशीन चालतं, नुसतं हळू. ती ते दुपारपासून चालवत होती.

"एका चित्राला अडीच घंटे लागून राहिले," ती म्हणाली. "वीस सेकंदांना चारशे ऐंशी चित्रं लागतात. धनत्रयोदशीपर्यंत वीसएक होतील."

"मग?"

"मग वीस."

पुढचे दोन दिवस मशीन चालू होतं आणि त्या घरात कुणी मिक्सर लावला नाही, मोटर लावली नाही, लाइटीवर भार नको म्हणून. आक्कानं लाडवाचे शेंगदाणे पाट्यावर रगडले. दाजींनी खोलीच्या दारात खाट टाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानं थांबवत राहिले. मी कोपऱ्यात बसून होतो. मला कुणी काही विचारत नव्हतं.

चित्रं एकेक होत होती. रिकामं घर, जिना, स्वयंपाकाचा ओटा. एका चित्रात मागच्या दाराशी एक बांबूची पाटी उपडी घातलेली होती आणि तिच्यावर संध्याकाळचं ऊन. दिलेल्या नकाशात ती पाटी नव्हती. मी विचारलं, ही कुठून आली, तर ती म्हणाली, तिथं रिकामं वाटत होतं.

धनत्रयोदशीला पाचला वीस मिनिटं कमी असताना तिनं एकोणीस चित्रं पाठवली. सोबत लिहिलं की मशीन बिघडल्यामुळं फिल्म झाली नाही, आठ दिवस मिळाले तर करून देते. बाहेर आक्का पणत्या धुऊन वाळत घालत होती.

भाऊबीजेच्या दिवशी उत्तर आलं. मी ओवाळून घ्यायला गेलो होतो, पाटावर बसलो होतो. भाचीनं उभ्यानंच वाचलं आणि मग बापाला मराठीत सांगितलं. "चित्रं चांगली हायत म्हणतात. पण फिल्म मागितली होती. पुढं काही निघालं तर कळवू."

आक्काच्या हातातलं ताट तसंच राहिलं. दाजी टोपी काढून तिची घडी घालत राहिले. त्यांना बोलायचं नव्हतं हे मला दिसत होतं, भाचीलाही दिसलं असणार, कारण तीच म्हणाली, "उदगीरला निरोप द्या, आप्पा."

मग आक्कानं मला ओवाळलं.

चार दिवसांनी लातूरहून बोर्ड आला. मी तो चाळीस मिनिटांत बसवला. कार्ड लावलं, ड्रायव्हर टाकला. तोच पहिला ड्रायव्हर, ज्याला मी पहिल्या दिवशी शिव्या घालून काढलं होतं. भाचीनं फिल्म चालू केली आणि उठून गेली. एका दुपारीत चारशे ऐंशी चित्रं झाली. एकदाही स्क्रीन काळा पडला नाही. संध्याकाळी ती येऊन बसली, वीस सेकंद पाहिली आणि बंद केली. आक्का म्हणाली, आम्हाला पण दाखव की. ती म्हणाली, नंतर.

लग्न उदगीरलाच झालं. मंडपात गुरुजींनी माईकवर सांगितलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. आमच्यात नवरीला बोहल्यावर मामाच आणतो. मी फेटा बांधला होता. तिचा हात धरून मी तिला आणलं आणि अंतरपाटामागं उभं केलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहिलो. लोक म्हणाले, मामाच्या डोळ्यांत पाणी हाय बघा. मी म्हणालो, फेटा घट्ट झालाय.

मशीन तिच्या सामानासोबत सासरी गेलं.

त्यानंतर एक दसरा गेला. त्या दसऱ्याला मी कुणाचाही पत्रा उघडला नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं, कंबर धरलीय. मग हिवाळ्यात एका सकाळी मी तिच्या सासरच्या दुकानात गेलो. माझ्या गाळ्यापासून ते चालत दहा मिनिटांवर आहे, आणि मला तिथं पोचायला वर्ष लागलं होतं. जावई माल उतरवून घ्यायला गोदामावर गेले होते. ती काउंटरवर होती. पोत्यांच्या थप्पीजवळ तेच मशीन, डब्यावर बाहेरून हळदी-कुंकवाची पाच बोटं. बाजूच्या जाळीतून आत पाहिलं तर कार्डाची जागा रिकामी होती. ते वरच्या फळीवर होतं, बियाण्याच्या नमुन्याच्या पुड्यांमागं, खोक्यात घालून ठेवलेलं.

तिनं मला स्टूल दिलं. एक शेतकरी गहू पेरायला खत नेत होता, त्याची पोती हमाल बाहेर मांडत होता. मी बोलायला सुरुवात केली आणि एकदा केल्यावर थांबलो नाही. म्हणालो, "बोर्ड लाइटीनं गेला नव्हता. दसऱ्याला मी आत पाणी शिंपडलं त्यानं गेला. तू नको म्हणाली होतीस. तिसऱ्याच दिवशी मला दिसलं होतं आणि तरी मी ड्रायव्हर ड्रायव्हर करत राहिलो. तू नांदेडला निघाली होतीस, तुला मी थांबवलं." यात मी काही वाढवलं नाही. कमीही केलं नाही.

ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं पोती मोजली, दोन-तीन बटणं दाबली. प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला, तो तिनं फाडून शेतकऱ्याच्या हातात दिला. तो गेला. मग ती माझ्याकडं वळली.

"पावत्या काढायला ते कार्ड लागत न्हाई, मामा."